सूनबाईचा कोपरा

आमच्या घरात तीन गवंडी: सासरे, नवरा आणि दीर. अर्ध्या शहराची घरं यांनी बांधली आणि आम्ही मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

स्वतःच्या जागेवर घर बांधायचा परवाना मिळाला, तेव्हा मी फक्त नाचायची बाकी होते. परवान्याची मुदत एक वर्ष. तेवढ्या वेळात पाया भरून जोतं पूर्ण झालं तर परवाना पुढे चालू, नाहीतर रद्द. त्यात मधल्या काळात नियम बदलले. नवा परवाना घ्यायचा तर चारही बाजूंनी इतकी जागा सोडावी लागणार होती, की उरलेल्या तुकड्यात फारतर कोंबड्यांचं खुराडं बसलं असतं.

पण लोकांची कामं संपतील तर शपथ! आमचं जोतं वर आलं ते सुट्टीच्या दिवशी, तेही भांडत भांडत. एकाने रचायचं, दुसऱ्याने ओळंबा लावून नाक मुरडायचं, तिसऱ्याने पाडायचं. तीन तिघाडा, काम बिघाडा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तपासणीचे साहेब आले, तर रस्त्याकडचा कोपराच गायब! मामंजींनी सकाळीच पाडला होता.

"सूतभर बाहेर गेला होता," ते ऐटीत म्हणाले.

"कोपरा नाही म्हणजे जोतं अपुरं," साहेब म्हणाले. "मागच्या गल्लीतलं एक काम बघून येतो. तोवर झालं तर ठीक. उद्या माझ्या हातात काही नाही."

साहेबांची पाठ वळते न वळते तोच तिघांची दोरी कुठून धरायची यावरून जुंपली. माझं डोकं सणकलं. मी दिराच्या हातातली थापी हिसकावली.

"व्हा बाजूला! मला घर हवंय, नमुना नकोय!"

जन्मात वीट लावली नव्हती, पण यांना बघण्यातच आयुष्य गेलेलं. माल पसरला, वीट ठेवली, ठोकली.

"अगं, वाकडी जातेय!" आमचे हे कळवळले.

"जाऊ दे. माल द्या."

दिला बिचाऱ्यांनी. भाऊजी मुकाट्याने विटा पुढे करू लागले. मामंजींनी डोळेच मिटून घेतले.

साहेब परतले तेव्हा मी घामाघूम, केसांत सिमेंट. त्यांनी टेप लावून उंची मोजली, मान तिरकी करून कोपरा न्याहाळला आणि हसले.

"जोतं पूर्ण हवं असं नियमात आहे. सरळ हवं असं कुठे दिसत नाही," म्हणत त्यांनी सही ठोकली. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण धावत आली.

पुढे घर उभं राहिलं. प्लास्टर करताना हे माझा कोपरा गुपचूप झाकायला निघाले, तर मामंजींनी त्यांचा हात धरला.

"तेवढा उघडा ठेव."

मला वाटलं, आता मामंजी जन्मभर हसणार मला. तर घर बघायला आलेल्या पहिल्याच पाहुण्याला ते थेट त्या कोपऱ्यापाशी घेऊन गेले.

"बाकीचं आम्ही तिघांनी बांधलं," ते म्हणाले. "पण घर झालं ते सूनबाईच्या या कोपऱ्यामुळे."