हौशीरामानं ठेवून घेतलेलं दावं

गोठ्यात बांधलेली सायकल मी जन्मात एकदाच पाहिली, ती हौशीरामाकडं. बांधलेली म्हणजे खरोखर बांधलेली, म्हशीच्या शेजारी, गव्हाणीच्या खांबाला, तारेच्या जाड कुलपानं. हँडलवर कोंबडी बसायची आणि तिनं बसून काय केलं ते सीटवर दिसायचं. मी डेअरीची किटली परत द्यायला गेलो त्या सकाळी रतनबाईनं ह्याच सायकलीवरून नवऱ्याला धारेवर धरलं होतं. मळणी झालेली, पेंढा आत रचायचा होता, आणि नेमकी तीच जागा सायकलीनं धरलेली.

"म्हस दूध देती, कोंबडी अंडं देती. ही काय देती?" रतनबाई म्हणाली.

हौशीराम पेंढ्या मोजत राहिला. "लेकीनं दिलीया," एवढंच म्हणाला.

समीक्षा त्यांची एकुलती लेक, पुण्यात कंपनीत कामाला. बापाला साखर निघाली, डॉक्टरनं घाम गाळायला सांगितलं. ट्रॅक्टर आल्यापासून हौशीरामाचा घाम फक्त बांधाच्या भांडणात निघायचा. लेकीनं लहानपणापासून ऐकलेलं, की आपला बाप तरणा असताना आईला डबलशीट घेऊन वडगावच्या बाजाराला जायचा. तिनं ते ध्यानात ठेवलं आणि उन्हाळ्यात एकवीस गिअरची सायकल टेम्पोत घालून आणली. उतरवताना तिचा चेहरा असा होता, की हौशीरामाच्या जागी मी असतो तरी "लय झकास" असंच म्हणालो असतो.

पण सायकल त्याच्या अंगची नव्हती. तिला कॅरेज नाही, मडगार्ड नाही, उभी करायला स्टँड नाही. सीट नांगराच्या फाळाएवढं. आणि बसायचं तेही ओणवं, भात लावल्यासारखं. हौशीराम पहिल्या दिवशी देवळापर्यंत गेला तो खाली डांबर बघतच गेला. पारावरच्या तिघा म्हाताऱ्यांना त्यानं रामराम घातला नाही, आणि हौशीरामाला आता लेकीच्या पगाराची मस्ती आली म्हणून तिघेही आठवडाभर बोलेनात. दुसऱ्यांदा पायजमा चेनीत गेला. तिसऱ्यांदा त्यानं कॅरेज नाही म्हणून गवताचा भारा पाठीला बांधला आणि भाऱ्यासकट ओढ्यात गेला. सायकलीला काही झालं नाही. माणूस आठ दिवस लंगडत होता. त्यानंतर ती खांबाला बांधली गेली.

लेकीचा रोज संध्याकाळी फोन यायचा. आज कुठवर गेला होता, बाबा? हौशीराम खाटेवर बसून कधी लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जायचा, कधी पवनानगरपर्यंत. एकदा तर त्यानं वाटेतला चढ सांगताना दम लागल्यासारखं केलं. मी तिथंच बसलो होतो. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, की हौशीराम, आज लय लांब जाऊन आलास, पाय चेपू का. तो हसला नाही. मला दुसऱ्याच्या वर्मावर नेमकं बोट ठेवायची खोड आहे. डेअरीत चाळीस वर्षं दुधाची फॅट बघून माणसांचीही बघायची सवय लागली, आणि पाणी सापडलं की मला ते चारचौघांत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गिऱ्हाईक आपणहून आलं. बुद्धविहाराजवळ राहणाऱ्या विठ्ठलची मुलगी प्रतीक्षा. तिला लोणावळ्याच्या एका हॉटेलात खोल्या लावायचं काम लागलं होतं. सहा महिने कच्चं, मग पक्कं. सकाळी सातला हजर व्हायचं, आणि तीन वेळा उशीर झाला की घरी. आमच्याकडून पहिली जीप सातला सुटते. कामशेत आठ किलोमीटर, तिथून सहाची लोकल. म्हणजे सायकल नाही तर नोकरी नाही, इतकं ते सरळ होतं. महिनाभर विठ्ठल तिला कुणाची तरी मोटारसायकल मागून सोडत होता. रोज मागायची म्हणजे किती दिवस मागणार?

त्याच दुपारी ती अंगणात आली तेव्हा मी होतो, पेंढा रचायला आलेला राजेंद्र होता, रतनबाई होती. पोरीनं भाव केला नाही. हौशीरामानं साडेचार हजार सांगितले, तिनं मान हलवली. मग तिनं सायकल अंगणात फिरवून बघितली. ओणवी झाली, गिअर कटकन टाकला आणि उकिरड्याला वळसा घालून परत आली. सायकल तिच्याखाली अशी चालली, जशी इतके दिवस हिच्यासाठीच खांबाला उभी होती.

रतनबाईनं हळदकुंकू आणलं, हँडलला बोट लावलं, चाकावर पाण्याची धार सोडली. गोठ्यातनं जनावर जाताना करतात तसंच. हौशीराम खांबापाशी गेला आणि तिथंच लोंबत राहिलेलं तारेचं कुलूप तिला द्यायला काढू लागला. तेवढ्यात माझी जीभ वळवळली.

"हौशीराम," मी म्हणालो, "जनावर द्यावं, दावं देऊ नये. गोठ्यातली लक्ष्मी मागनं जाती."

राजेंद्र आधी फिस्सकन हसला. मग मी. मग रतनबाईसुद्धा तोंडाला पदर लावून. हौशीरामही हसला, पण हात मात्र थांबला. आमच्या मावळात बैल विकला तरी त्याचं दावं धनी ठेवून घेतो. मी चेष्टा केली होती. त्याला ती खरी वाटली, किंवा खरी वाटायला त्याला कारण हवं होतं. लेकीनं दिलेल्यातलं काहीतरी घरात राहावं, एवढंच असेल. त्यानं ते कुलूप किल्लीसकट नेलं आणि विकलेल्या बैलांची दावी जिथं टांगली होती तिथं, त्याच खुंटीला अडकवलं.

प्रतीक्षानं एकदा खुंटीकडं बघितलं, एकदा आमच्या तोंडांकडं. पैसे मोजून रतनबाईच्या हातात दिले, "येते, मावशी" म्हणाली आणि गेली.

मी संध्याकाळचं थंड केलेलं दूध पहाटे टेम्पोनं कामशेतला पोचवतो. पाचला निघायचं ठरलेलं. पुढचे बारा दिवस ती मला रस्त्यात दिसायची. उतारावर धुक्यातनं मागून यायची, माझ्या कॅनच्या खडखडाटाला मागं टाकून पुढं जायची. जाताना हात वर करायची. सायकल विकल्यापासून हौशीरामाचं तोंड उतरलेलं, फोनवर लेकीसाठी अजूनही रोज पवनानगर करून येत होता. म्हणून मी त्याला मुद्दाम सांगायचो, की तुझी खिलारी काय पळती बघ. त्याला बरं वाटायचं.

तेराव्या दिवशी ती पायी दिसली. मोबाईलची बत्ती लावून, रस्त्याच्या कडेनं, ओढणी कानाला गुंडाळून. सायकल पंक्चर असेल असं मी मनाशी म्हणालो आणि पुढं गेलो. दुसऱ्या दिवशीही ती पायीच. मी पुन्हा पुढं गेलो. शेजारच्या सीटवर पेंडीचं पोतं होतं हे खरं. ते मागं टाकता आलं असतं हेही खरं. बाईमाणूस पहाटे टेम्पोत बसलं तर लोक बोलतील, उद्यापासून रोजच बसवावं लागेल, अशी मी स्वतःशी बरीच कारणं जुळवली. एकालाही फॅट लागली नसती.

सायकल कामशेत स्टेशनच्या कठड्यापासून कुणीतरी उचलून नेली होती. डेअरीवर ही बातमी विठ्ठलनंच सांगितली, दुधाची किटली मापावर ठेवता ठेवता, पाऊस पडला नाही असं सांगावं तशी. पगार झाल्यावर पोरगी कुलूप घेणार होती, म्हणाला. आता साडेतीनला उठते, चारला निघते, एक उशीर झालाय.

हौशीराम रांगेत मागं उभा होता. त्यानं किटली तशीच खाली ठेवली आणि घरी गेला. खुंटीवरचं कुलूप पिशवीत घातलं आणि विठ्ठलच्या घरी जाऊन बसला. गेलेल्या सायकलीचं कुलूप घेऊन माणूस कशाला जातो, ते त्यालाही सांगता आलं नसतं. विठ्ठलनं चहा दिला. भाताचा उतारा किती पडला ते दोघं बोलले. हौशीरामानं दोनदा पिशवीत हात घातला आणि दोनदा मोकळाच बाहेर काढला. शेवटी निघताना तो साडेचार हजार परत द्यायला लागला, तर विठ्ठलनं हात जोडले. म्हणाला, भाऊ, सौदा झाल्यावर बैल मेला तर धन्याला कुणी इचारतं का.

पिशवी घेऊन तो माझ्याकडं आला, आणि हे सगळं सांगून झाल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, "दत्तोबा, तू त्या दिशी गप ऱ्हायला असतास तर मी कुलूप दिलं असतं."

"मी चेष्टा केली रे."

"व्हय. तुजी चेष्टा आन माजा लोभ. पायी चालतीया ती."

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा तो कुठंच फिरून आला नाही. सायकल विकली, म्हणाला. ज्या पोरीला दिली तिच्याकडनं चोरीलाबी गेली, कारण कुलूप मी ठिवून घेतलं. मग समीक्षानं विचारलं, की बाबा, मग तुम्ही रोज जात होता ते? हौशीराम म्हणाला, "तू इचारायचीस म्हणून जायचो." ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं रतनबाई मला नंतर म्हणाली. पोरगी रडली.

दुसऱ्या दिवशी मी पेंडीचं पोतं मागं टाकलं. सीट फडक्यानं पुसलं. तिसऱ्या मैलाच्या वळणावर प्रतीक्षा दिसली. पुढं जाऊन टेम्पो थांबवला आणि म्हणालो, बस. तिनं आधी मागच्या कॅनकडं बघितलं. मी म्हणालो, मागं नाही, पुढं. ती बसली. पिशवी मांडीवर घेऊन, दाराला चिकटून. मी गिअर टाकला. मग मला राहवलं नाही. खरं तर मला तिच्याकडून एवढंच ऐकायचं होतं, की चूक तिचीही होती.

"कुलूप मागायचं न्हाईस का गं त्या दिवशी? हौशीरामानं दिलं असतं."

"मागणारच होते, काका."

"मग?"

ती समोर रस्त्याकडं बघत होती. "तुम्ही सगळे हसायला लागलात. मला वाटलं, माझ्यावर हसताय. हिला गिअरची सायकल पाहिजे म्हणून. म्हटलं, आता काय मागायचं नाही. पैसे द्यावेत आणि लवकर निघावं."

मी म्हणणार होतो, की अगं, आम्ही दाव्यावर हसलो. तोंड उघडलंही. दाव्यावर हसलो होतो, हे खरंच होतं. पण विठ्ठलच्या पोरीच्या जागी पाटलाची असती, तर मी तीच चेष्टा त्याच सुरात केली असती का, ह्याचा मला कामशेत येईपर्यंत निवाडा करता आला नाही. तोंड मिटलं. कॅन खडखडत राहिले.

कामशेतला ती उतरली. लोकलला अर्धा तास होता. मी विचारलं, उद्या कुठं थांबशील?

"थांबणार नाही, काका. तुमचं एखाद दिवशी मागंपुढं झालं तर माझा उशीर लागतो. दोनच राहिलेत. मी चालत राहीन. गाठ पडली तर बसेन."

राग नव्हता त्यात. जिन्याकडं गेलीही ती.

मी घरी येऊन विचार केला, की थंड केलेलं दूध काही पाचच्या ठोक्याला नासत नाही. पाचचा वक्त मीच ठरवलेला, मला चहा प्यायला बरा पडतो म्हणून. दुसऱ्या दिवशी चहा न पिता सव्वाचारला टेम्पो काढला. गावाबाहेर आलो तर ती पहिल्या चढावर दिसली, बत्तीचा ठिपका हलताना. हॉर्न वाजवावासा वाटला, वाजवला नाही. तिला मागं टाकून थोडा पुढं गेलो, कडेला घेतलं, इंजिन बंद केलं आणि तिच्या बाजूचं दार उघडून बसलो. गार वारा आत यायला लागला. मागून चपलांचा आवाज जवळ येत होता. चाल तीच होती, टेम्पो थांबला म्हणून तिनं पाय उचलला नव्हता.