हिरव्या रंगाखालचा पंखा

मित्रांनो, माझ्याकडे फार वेळ टक लावून बघू नका. मी एक जुना पंखा आहे, भिंतीत बसून धूर बाहेर फेकणारा, साधासुधा. माझी बरीच वर्षं सांगण्यासारखी आहेत. एकच वर्ष असं आहे की ते आठवलं तरी मान खाली जाते. ते सांगायचं टाळत आलो, पण आज सांगतो.

माझा जन्म भोसरीतल्या एका लहानशा कारखान्यातला. लोखंडी कडं, लोखंडी पाती आणि मागे उघडी मोटार, एवढाच माझा संसार. तिथून मला मुळशीत आणलं. पौड रस्त्याला, कासार आंबोलीच्या पुढे हैबतरावांचा रंग बनवायचा कारखाना आहे. त्याच्या कॅन्टीनच्या भिंतीत मला बसवलं. खाली रत्नाबाई दीडशे माणसांचा स्वयंपाक करायच्या. मिरचीची फोडणी पडली की मी सगळा ठसका बाहेर काढायचो. "ह्यो हाय म्हनून माजं डोळं शाबूत हायेत," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचो.

अंगणापलीकडे रंग कालवायची खोली होती. तिथे रंग पातळ करायच्या थिनरचे पिंप उघडायचे आणि खोलीभर वाफ साचायची. ती वाफ एका ठिणगीने पेटते, म्हणून तिथला पंखा वेगळा होता. त्याला फ्लेमप्रूफ म्हणायचे. त्याची मोटार जाड लोखंडी पेटीत बंद होती. आत ठिणगी पडली तरी ज्वाळा बाहेर येणार नाही, अशी ती पेटी. पात्यांभोवती पितळी पट्टी होती, म्हणजे पातं घासलं तरी ठिणगी उडू नये. कारखान्याची पद्धत अशी की त्या खोलीतली प्रत्येक फ्लेमप्रूफ वस्तू हिरव्या रंगाने रंगवायची. हिरवं दिसलं की माणसं निर्धास्त. मी मात्र त्या पंख्याला मनात हसायचो. केवढं ते धूड, आणि वारा माझ्याएवढाच!

एका आश्विनात त्या पंख्याची मोटार जळाली. ती दुरुस्तीला गेली. काम अडलं, गिऱ्हाईक दारात उभं. तेव्हा किशोर मिस्त्रीने मला कॅन्टीनमधून उतरवलं. "चार दिसांचा तर प्रश्न हाय. तवर ह्योच लावू," असं तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

त्या चार दिवसांत खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यातली सगळी यंत्रं धुऊन, रंगवून, हार घालून पुजतात. किशोरने त्या खोलीसाठी हिरवा डबा उघडला आणि सगळ्यांबरोबर मलाही रंगवून टाकलं. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पुढच्या आठवड्यात खरा पंखा दुरुस्त होऊन आला, तेव्हा तो म्हणाला, "ह्याची आताच पूजा झालीया. लगेच कशाला उतरवायचा? पुढं कारखाना बंद असंल तवा बघू." खरा पंखा पोत्यात गुंडाळून गोदामात गेला आणि मी त्याच्या जागी मिरवत राहिलो. खरं सांगू? मला बरं वाटलं. हिरव्या रंगात मी मोठा दिसत होतो.

त्या खोलीत चांगुणाबाई काम करायच्या. उरवड्याच्या. नवरा नव्हता, मुलगी बारावीला. कामाला इतक्या चोख की खोलीत शिरण्याआधी मोबाईल दाराबाहेरच्या पेटीत ठेवायच्या आणि पेटी लागली का ते दोनदा ओढून बघायच्या. कधी वाफ फार झाली की वर बघून म्हणायच्या, "फिर रं बाबा, तुज्याच भरवशावर हाय मी." आणि मी फुशारून फिरायचो.

मार्गशीर्षात माझ्या दांड्याचं बेअरिंग झिजलं. एक पातं कड्याला घासायला लागलं. मला कळत होतं. एका दुपारी चांगुणाबाई वाकून पिंपातलं थिनर घमेल्यात ओतत होत्या. माझं लोखंड माझ्याच लोखंडावर खरवडलं, ठिणग्या उडाल्या आणि खाली पडल्या. भपकन जाळ झाला. दोन माणसांनी वाळू टाकून, अग्निशामक सिलिंडर मारून तो विझवला. तोपर्यंत बाईंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

मग चौकशी झाली. सगळ्यांनी खोली बघितली, जिकडेतिकडे हिरवं. पंखा हिरवा, दिवा हिरवा, बटणं हिरवी. मग ठिणगी आली कुठून? हैबतराव म्हणाले, "मोबाईल असंल कमरेला. दुसरं काय?" चांगुणाबाई हाताला पट्ट्या बांधून दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "न्हाई मालक. पेटीत व्हता." कुणी पेटी उघडून बघितलीच नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांना घरी बसवलं. किशोर खाली बघत उभा होता. त्याला तेव्हा आठवलं की नाही, मला माहीत नाही. मला मात्र सगळं माहीत होतं. मला तेल घातलं, तसं पात्याचं घासणं तेवढ्यापुरतं थांबलं. मग काजळी पुसली, हिरव्याचा आणखी एक हात मारला आणि पुन्हा सुरू केलं. चार महिने मी त्या रंगात फिरलो. गावात बाईंना "मोबाईलवाली" म्हणायचे, हे कामगारांच्या बोलण्यातून माझ्या कानावर यायचं. मित्रांनो, त्याहून मी भंगारात गेलो असतो तर बरं झालं असतं.

चैत्रात प्रियदर्शिनी नावाच्या सुरक्षा अधिकारी आल्या. मारुंजीहून स्कूटीवर यायच्या. त्यांनी खोलीत पाय ठेवताच विचारलं, "या पंख्याची पाटी कुठे आहे? फ्लेमप्रूफ मोटारीवर तशी खूण असते." त्यांनी मला बंद करवलं, खाली उतरवलं आणि बाहेर अंगणात नेऊन किल्लीने माझा रंग खरवडला. हिरव्याखाली चिकट काळा थर निघाला. त्यांनी वास घेतला. "हे तर फोडणीचं तेल आहे," त्या म्हणाल्या. अखेर माझं पितळ उघडं पडलं. किशोरने सगळं कबूल केलं. शिवाय प्रियदर्शिनींनी आणखी एक चूक दाखवली. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत साचते, आणि पंखा बसवला होता छताजवळ. "आधी बघायचं कसली वाफ आहे आणि ती कुठे साचते. मग पंखा निवडायचा. रंग बघून नाही," असं त्यांनी सांगितलं.

आता मी प्रशिक्षणाच्या खोलीत टेबलावर असतो. तुम्हीही कधी कुठे काम कराल, तेव्हा वस्तूची खूण वाचा. चार दिवसांपुरती लावलेली वस्तू पाचव्या दिवशी उतरवा. आणि माझ्यासारख्या साध्या पंख्याला त्याच्या स्वयंपाकघरात राहू द्या, तिथे तो गुणाचा असतो.

चांगुणाबाईंना परत बोलावलं तेव्हा सगळे कामगार अंगणात जमले होते. हैबतराव हात जोडून म्हणाले, "बाई, चूक आमची झाली. तुमाला काय पायजे ते सांगा." बाईंनी भाजलेला हात पदराखाली घेतला. त्या म्हणाल्या, "काय नको मालक. माजा मोबाईल पेटीत व्हता, येवडं मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

हैबतरावांनी ते मोठ्यानं सांगितलं. एवढं एकच वाक्य होतं, आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.