जनुकबाबाचं ताट

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर जनुकबाबा उभा होता. अंगात पांढरा डगला, पाय अनवाणी, नाकावर जाड भिंगांचा चष्मा आणि तोंडात विज्ञानाचे उष्टे शब्द.

"अहो, तुमची जनुकं चांगलीच आहेत! त्यांच्यावर दुःखाची काजळी बसलीय. शास्त्रज्ञ तिला एपिजेनेटिक्स म्हणतात. माझ्या लहरी ती दहा मिनिटांत धुऊन काढतात!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. तिसऱ्या रांगेतल्या मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरेट मिळाल्यानंतरची चार वर्षं तिने याच एका प्रश्नावर घालवली होती. जनुक बदलत नाही, पण त्याच्यावर बसणाऱ्या रासायनिक खुणांवरून ते काम करणार की गप्प बसणार हे ठरतं. स्मृती जाण्याच्या आजारात मेंदूतल्या या खुणा बदलतात का, एवढंच तिला शोधायचं होतं. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या पातळ कापांवर मान मोडून काम करून, एका खुणेबद्दल "बहुधा" म्हणण्यापर्यंत ती पोचली होती. आणि हा भामटा इथे धोबीघाट उघडून बसला होता.

पण आईला सांगणार कोण? "चार वर्षं तू नुसत्या नळ्या हलवतेयस," आई सकाळी म्हणाली होती. "अप्पांना काय फरक पडला? आज मी त्यांना नेणार म्हणजे नेणार. यायचं तर ये."

अप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देण्यात गेला होता. आता त्यांना सकाळचं दुपारी आठवत नसे, आणि झटक्यांवरची गोळी चुकली की ते उभ्या जागी कोसळत. जनुकबाबाचा नियम मात्र असा, की ज्याची काजळी निघाली त्याने आपली औषधं मंचावरच्या टोपलीत टाकायची, कायमची.

अप्पांचा नंबर लागला. एक चेला स्टीलचं ताट घेऊन पुढे आला. "घड्याळ, चष्मा, कानातलं यंत्र, सगळं यात ठेवा. लहरींना अडथळा होतो." मग त्याने एक चित्र दाखवलं, पाच शब्द पुटपुटले आणि ते परत म्हणायला सांगितले. अप्पा बावचळून नुसते बघत राहिले.

"पाहिलीत काजळी?" जनुकबाबा गरजला. सभागृह हळहळलं.

अप्पांना पडद्यामागे नेलं. तिथे काहीतरी घुंई घुंई वाजलं. ते बाहेर आले, ताटातल्या वस्तू त्यांना परत मिळाल्या, तेच चित्र पुन्हा समोर आलं आणि तेच पाच शब्द पुन्हा म्हणून दाखवले गेले.

"किटली की हो ही!" अप्पा म्हणाले. पाचांपैकी तीन शब्दही त्यांनी धडाधड सांगितले.

लोकांनी जनुकबाबाला डोक्यावर घेतलं. आईच्या डोळ्यांना धार लागली. खोटं कशाला सांगा, क्षणभर मुलीचंही काळीज हललं. आईने पिशवीतून गोळ्यांची डबी काढली आणि टोपलीत टाकली.

तेवढ्यात अप्पांनी कानातलं यंत्र नीट बसवलं, आणि मुलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिच्या संस्थेत कुठल्याही म्हाताऱ्या माणसाची स्मृती तपासायची तर पहिला प्रश्न ठरलेला: चष्मा लावलाय? यंत्र चालू आहे? नसेल तर ती चाचणी रद्द. जे ऐकूच आलं नाही ते आठवणार कुठून?

ती तडक मंचावर गेली. "पुढच्या माणसाचा चष्मा आणि यंत्र राहू द्या. आधी तसंच विचारा, मग पडद्यामागे न्या."

"विज्ञानाची घमेंड!" जनुकबाबा हसला. "पोरी, यंत्राने लहरी फाटतात."

"मग तुमच्या नाकावरच्या चष्म्याने नाही फाटत?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. जनुकबाबाने चेल्याकडे पाहिलं, चेल्याने ताटाकडे. तोवर अप्पांनीच कानातलं यंत्र काढून ताटात ठेवलं, वर चष्माही ठेवला.

"विचारा आता," ते म्हणाले. "माझी काजळी निघालीय ना?"

जनुकबाबाला विचारावं लागलं. अप्पांनी कानाला हात लावला. "काय म्हणालात? लाइन खराब आहे."

सभागृह असं हसलं, की जनुकबाबाचा आवाज त्यातून वर येईना. लेकाची पाचावर धारण बसली.

आई मात्र हसली नाही. "म्हणजे ह्यांना गुण आलाच नाही?"

"नाही गं आई. आणि याच्यावरचा इलाज माझ्याकडेही नाही." मुलीने टोपलीकडे बोट दाखवलं. "पण झटक्यांवरचा आहे. तो तू आत्ता फेकलास."

मग ती लोकांकडे वळली. "कुणी चमत्कार दाखवला तर भुलू नका, भांडूही नका. एवढंच विचारा, की चमत्काराआधी आमच्याकडून काय काढून घेतलं होतं?"

आई टोपलीत हात घालून डबी शोधू लागली. तिच्यामागे रांग लागली.

दारापाशी अप्पा थबकले. "आपण इथे कशाला आलो होतो गं?"

आईने त्यांच्या कानात यंत्र बसवलं, हातावर गोळी ठेवली आणि पाण्याची बाटली उघडून दिली.

"चुकून आलो होतो," ती म्हणाली. "घ्या आधी."