राजाचे अश्रू

"रडतोय! आपला राजा रडतोय!" गेदेऑन ओरडला आणि भर उन्हाळ्यात खच्चून भरलेलं चर्च गुडघ्यांवर आलं. तांब्याच्या शवपेटीवरून खरोखरच पाण्याचे ओघळ वाहत होते.

आम्हा हंगेरियन लोकांत साधा माणूस एकदाच पुरला जातो. राजाला मात्र प्रत्येक नवं सरकार उकरून काढतं आणि वाजतगाजत पुन्हा पुरतं. यंदा मान आमच्या गावाचा होता. गेदेऑन दफन समितीचा अध्यक्ष. "सहाशे वर्षं दाबलेलं रडू आहे हे! डोळ्यांना लावा, नजर येईल!" लोक रुमाल घेऊन तुटून पडले. नुसत्या हाडांत एवढं पाणी मुरलं कुठं, हे विचारायची सोय नव्हती.

मला राजाचं सोयरसुतक नव्हतं. पण शेजारच्या पिरोश्काबाई भुलल्या. त्यांना काचबिंदू. हात थरथरतो, म्हणून रोज संध्याकाळी त्या माझ्याकडून डोळ्यांत औषधाचे थेंब घालून घेत. बायको गेल्यापासून माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस होतं. दर्शन उन्हाळाभर चाललं आणि त्या यायच्या थांबल्या. शेवटी मीच त्यांचं दार वाजवलं.

"आता थेंब नकोत, मास्तर. मी राजाचं पाणी लावते."

"अहो, नजर जाईल! गेलेली परत येत नाही."

"तुमचा कशावरच विश्वास नाही. म्हणून तर असे एकटे पडलात."

दार बंद झालं. मी घरी आलो.

राजाला गारवा हवा, म्हणून गेदेऑन रात्री पेटी टेकडीतल्या वाइनच्या तळघरात ठेववायचा. मी तिथलीच एक बाटली उचलली आणि भरल्या चर्चमध्ये पेटीशेजारी ठेवली. बघता बघता तिच्यावरूनही ओघळ आले.

"गेदेऑन, ही बाटली कुणासाठी रडतेय? अरे, पेटी थंडगार, आणि इथं तुम्हा सगळ्यांचे दमट श्वास. हे पाणी तुमचंच आहे. एक रात्र पेटी इथंच राहू दे, मग काढून दाखव अश्रू!"

"राजाच्या शेजारी बाटलीसुद्धा पावन झाली!" गेदेऑन म्हणाला. हसू उसळलं. एका शहाण्यानं तर बाटलीलाच रुमाल लावला.

पिरोश्काबाई तेवढ्या पुढे आल्या आणि बाटलीवरून बोट फिरवलं. "टेबलावर डाग पडतो म्हणून गार बाटलीवरचं हे पाणी तर मी घरी रोज पुसते," त्या हळूच म्हणाल्या.

संध्याकाळी त्या आल्या. मी थेंब घातले आणि नेहमीसारखा त्यांच्या डावीकडे बसलो.

"इकडे उजवीकडे बसा, मास्तर. तिकडे बसलात की कुणीच नाही असं वाटतं."

मी खुर्ची त्यांच्या उरलेल्या डोळ्याकडे हलवली.

बाबांनो, राजाला हवं तितक्यांदा पुरा. पण ज्याला नवस बोलताय ते पाणी येतं कुठून, एवढं आधी विचारा. आणि तोवर औषध थांबवू नका.