रबरी गादी

पाटाचं पाणी वाफ्यात वळवायला उशीर झाला, म्हणून सुभेदारानं बायकोचं गळ्याजवळचं हाड मोडलं. काठीनं नाही. काठी गड्यांसाठी. घरच्या माणसाला तो बंदुकीच्या दस्त्यानं मारायचा, आणि दस्त्याच्या टोकाला लोखंडी पट्टी होती.

सुभेदार हा हुद्दा त्याला कुणी दिलेला नव्हता. दुसरं काही म्हटलं की तो अंगावर यायचा, म्हणून गावानं एकमतानं बहाल केला होता. एकनळी बंदूक रानडुकरांसाठी घेतलेली. पण बार उडाला की दणक्यानं खांदा काळानिळा व्हायचा. त्या धास्तीनं तो चाप ओढण्याआधीच डोळे मिटायचा. त्यामुळे आमच्याकडच्या रानडुकरांची तब्येत उत्तम होती.

हाड सांधलं, तशी बायकोनं त्याचा खांदा शेकता शेकता गोष्ट काढली. "अहो, दस्त्याला रबराची गादी लावून मिळते म्हणे. दणका बसणार नाही."

"मग इतके दिवस झोपली होतीस?" सुभेदार म्हणाला. होकार त्याच्या तोंडून असाच यायचा.

बंदूक घेऊन ती सुताराकडे गेली. तो तिच्या माहेरच्या नात्यातला. त्यानं पट्टी काढली, गादीच्या जाडीएवढं लाकूड दस्त्यातून कापून टाकलं. तसं केलं नाही तर बंदूक लांब होऊन बगलेत अडकते.

"ताई, ही कडक घे. टिकेल."

"मऊ द्या. सगळ्यांत मऊ."

"अगं, ही तर उशीच झाली. नवऱ्याच्या खांद्याची काय ही काळजी!"

तिनं गादी दस्त्याला टेकवून धरली आणि दस्ता आपल्या मांडीवर आपटला. मग आणखी जोरात. मग सांधलेल्या हाडावर. सुतारानं कानस खाली ठेवली.

"काय करतेस हे?"

"बघतेय, किती लागतं ते."

सुतार बराच वेळ रबर दाबत बसला. मग हळूच म्हणाला, "दणका गेला की त्याचे डोळे उघडे राहतील. नेम लागेल. कळतंय ना?"

"लागू दे, दादा. नेम लागला तर एकदाच लागेल. हे रोज लागतं."

सुतारानं स्क्रू पिळले आणि गादीच्या कडा घासून दस्त्याला अशा मिळवल्या, की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये.

त्याच संध्याकाळी सुभेदारानं एक डुक्कर लोळवलं. गाव गंभीर झालं.

पुढं कणसं खुडताना तिच्या हातून पाटी कलंडली. सुभेदार बांधावरून धावत आला, नळी धरून दस्ता फिरवला आणि तिच्या पाठीत घातला. ती पडली. उठली. लुगड्याची माती झटकली. त्यानं पुन्हा घातला. ती पुन्हा उठली. आपलाच हात नीट बसत नसावा, असं वाटून त्यानं पवित्रा बदलून तिसऱ्यांदा घातला. ती उठून कणसं गोळा करू लागली.

सोबत कणसं खुडणाऱ्या बाया आजवर अशा वेळी मातीकडे बघायच्या. आज एक म्हातारी वर बघून म्हणाली, "दमलात का सुभेदार? पाणी देऊ?"

कुणीतरी हसलं. मग सगळ्याच.

सुभेदारानं बंदूक उलटी केली, गादी खांद्याला लावली. डोळे सताड उघडे होते. बायकोनं झेप घेऊन नळी बाजूला रेटली तोच बार उडाला. छर्‍यांनी तिचा अर्धा कान नेला. तळहात भाजला, पण तिनं नळी सोडली नाही. हिसका देऊन बंदूक काढून घेतली आणि रक्तानं डोळा बरबटलेला असताना दस्ता त्याच्या जबड्यावर घातला.

तो उठला नाही. गादी तीच होती, तेवढीच मऊ. पण मार खायचा सराव तिला होता, त्याला नव्हता.

गडी धावले, तशी ती म्हणाली, "हात लावू नका. मी पडले की मला कोण उठवायचं?"

बंदूक आता तिच्या खाटेपाशी असते. मध्यंतरी सुभेदार सुताराच्या दुकानाशी येऊन गेला. जबड्याला फडकं बांधलेलं. आजवर तो त्याला 'ए सुतारड्या' म्हणायचा. उंबऱ्याबाहेरच उभा राहून पुटपुटला, "सुतारदादा, आहे त्याहून जाड गादी मिळते का हो?"

"मिळते की," सुतार रंधा मारता मारता म्हणाला. "ताईला बंदूक घेऊन यायला सांगा."