कावीळ उतरवणारं पाणी

रविवारी सकाळी सात वाजताच जरीपटका वस्तीतल्या दादाजींच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. कावीळ झालेला माणूस पाटावर बसे. दादाजी तांब्यातल्या पाण्यात आपले हात बुडवून त्याच्या हातांवरून फिरवत आणि मग वरून चुन्याची निवळी ओतत. निवळी अगदी नितळ. पण खाली परातीत पडे ते पाणी पिवळंधमक!

“रक्तातलं पिवळं परातीत, पेशंट नाचंल वरातीत!” दादाजी गरजत. गर्दी हात जोडी.

पाटावर अमोल बसला होता. सव्वीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करणारा गडी, पंधरा दिवसांत निम्मा झालेला. त्याची मोठी बहीण माया मागे उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. धंतोलीत डॉक्टरला दाखवू, असं तिने आईला, तुळसाबाईंना, दहादा सांगून पाहिलं होतं.

“बुवाबाजी आपन मानत नाही, मले का ठाऊक नाही?” तुळसाबाई म्हणाल्या. “पन इथं देव हाय का? अंगारा हाय का? नुसतं पानी अन् चुना. हे औषध हाय वं.”

चूक झाली ती इथेच. त्या घराने दोन पिढ्यांपूर्वी देव्हारा काढून टाकला होता. ज्यात देव नाही त्यात फसवणूकही नसणार, असं आईने मनाशी पक्कं धरलं. आणि माया गप्प बसली. आईशी वाद घालायचा तिला कंटाळा आला होता. त्या कंटाळ्याची तिला आजही लाज वाटते.

पहिल्या रविवारी पाणी गडद पिवळं, दुसऱ्या रविवारी फिकट, तिसऱ्या रविवारी एकदम साफ. “उतरली!” दादाजींनी जाहीर केलं. आईने गल्लीत पेढे वाटले. अमोलचे डोळे मात्र पिवळेच होते.

“ताई, पानी तं साफ झालं ना? आता होईन हळूहळू,” तो म्हणाला.

बुधवारी तो बरळू लागला. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर निकामी झालंय. तीन आठवडे आधी आणलं असतं तर आशा होती. शुक्रवारी अमोल गेला.

मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी आटोपला. दादाजींच्या तांब्याच्या तळाशी सालीचे तुकडे दिसले होते, ते मायाला राहून राहून आठवत होतं. ती शाळेच्या प्रयोगशाळेत एकेक झाडाची साल भिजवून पाहत बसली. चौथी साल आंब्याची होती; तिच्या पाण्यात चुन्याची निवळी पडताच ते पिवळंधमक झालं.

पुढच्या रविवारी ती आईला घेऊन त्याच अंगणात गेली. रांगेत पेशंट घेऊन आलेला रिक्षावाला ओमप्रकाश उभा होता, पैलवानासारखा धडधाकट.

“भाऊ, तुमाले कावीळ हाय का?”

“मले? काहून होईन?”

मायाने आपल्या बाटलीतलं सालीचं पाणी त्याच्या हातांना चोळलं आणि दादाजींचीच निवळी ओतली. परातीत पिवळंधमक पाणी उतरलं. ओमप्रकाश घाबरून हात झटकू लागला.

“बाई, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये!” दादाजी ओरडले.

“श्रद्धेची नाही, पान्याची घेऊन राहिली मी.” तिने परातीत लिंबू पिळलं. पिवळा रंग फिका पडत गेला. “चुना आम्लारी, लिंबू आम्ल. आंब्याच्या सालीचा अर्क चुन्यानं पिवळा होतो, लिंबानं फिका पडतो. कोनाच्याही हातावर होईन. मानसाच्या रक्ताचा याच्याशी काही संबंध नाही.”

दादाजी तांब्या उचलून आत निघाले. तुळसाबाईंनी त्यांची वाट अडवली.

“मंग तिसऱ्या रविवारी पानी साफ कसं आलं?”

ते तिला वळसा घालून आत गेले. मायालाच सांगावं लागलं, “आई, त्या दिवशी तांब्यात साल टाकलीच नव्हती. दुसऱ्या रविवारी थोडीच टाकली होती.”

तुळसाबाई पाटावर बसल्या, जिथे अमोल बसायचा तिथेच. मग रांगेत पहिला नंबर लागलेल्या बाईकडे त्यांनी पाहिलं. तिच्या कडेवर पिवळ्या डोळ्यांची, मान टाकलेली पोर होती.

“बाई, पान्याकडं पाहू नको,” तुळसाबाई म्हणाल्या. “पोरीच्या डोळ्यांकडं पाह. मी पान्याकडं पाहत राहिली अन् माहा पोरगा गेला. ऊठ, ओमप्रकाशच्या रिक्षात बस. डॉक्टरकडं मी येतो तुह्या संग.”