मागच्या जागेवर कोण बसलंय?

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि आज मी चिडलेली आहे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं, आशीर्वाद द्यावेत, अशी तुमची अपेक्षा असते. ती आज जरा बाजूला ठेवा.

मला कुणा सुताराने जीव लावून घडवलेलं नाही. हिरवं प्लास्टिक वितळवून साच्यात ओतलं आणि मी बाहेर पडले. तुमच्यापासून सातासमुद्रापार, वांगानुई नदीवर पर्यटक फिरवण्यात माझं तरुणपण गेलं. लोक माझं कौतुक करत, माझ्यात बसून फोटो काढत आणि मग मला खडकांवरून फरफटत नेत. पोटावर ओरखडे वाढले, तशी माझी रवानगी एका शेडमागे झाली. तिथे कोंबड्या माझ्याखाली अंडी घालायच्या. बाकी कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

तिथून मला आंटी हेनीने उचललं. मन आजारी पडून दवाखान्यात राहून आलेल्या पोरांना घेऊन ती दर उन्हाळ्यात काही दिवस नदीतून खाली जाते. निघण्याआधी सगळे गुडघाभर पाण्यात उभे राहतात, आंटी प्रार्थना म्हणते आणि प्रत्येक जण डोक्यावर पाणी शिंपडतो. आंटीचे लोक या नदीला आपली पूर्वज मानतात. तिची परवानगी घेतल्याशिवाय कुणी होडी ढकलत नाही.

माझ्यात दोघं बसतात. पुढचा नुसता जोर लावतो, होडी वळवायची ती मागच्याने. आंटीचा नियम असा, की शेवटच्या दिवशी मागची जागा पोरांची. मोठ्यांनी पुढे बसायचं, सरळ वल्हवायचं आणि गप्प राहायचं.

त्या उन्हाळ्यात अनाहेरा आली. सतरा वर्षांची पोर, पण तिला जगणंच नकोसं झालं होतं. सगळा हिवाळा दवाखान्यात गेला. घरी न्हाणीघराची कडी काढून टाकली होती आणि सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलत. तेव्हा ते गरजेचंही असेल. पण आता तिला एकच गोष्ट बघायची होती: आपल्या हातून काहीतरी, एकटीच्या हातून, होतं का?

शेवटच्या दिवशी तिच्या पुढे बसला क्रेग. मदतनीस म्हणून सोबत आलेला. माणूस भला, म्हणून तर जास्त राग येतो. दुष्टाला निदान शिव्या तरी घालता येतात.

पहिल्याच वळणावर क्रेगने वल्हं हळूच आडवं घातलं आणि माझं नाक स्वतःकडे ओढून घेतलं. वर म्हणाला, "शाबास, अनाहेरा! काय वळवलीस!" पुढच्या वळणावर तेच. त्याच्या पुढच्या वळणावरही तेच. मागे ती पोर खुशीत गुणगुणायला लागली होती. कुठल्या वल्ह्याने मी वळते ते मला कळतं हो! माझा नुसता तिळपापड होत होता, पण मला तोंड कुठाय?

मग पुढे एक खडक आला. अनाहेराला काय शंका आली कोण जाणे. तिने वल्हं पाण्यातून काढून मांडीवर ठेवलं. तरीही मी खडकाला वळसा घालून अलगद पुढे गेले.

"वा! हे तर सगळ्यात भारी झालं," क्रेग मागे न बघताच म्हणाला.

"मी वल्हं पाण्यात घातलंच नव्हतं."

क्रेगने आता कुठे मागे वळून पाहिलं.

"सकाळपासून तूच वळवतोयस?"

"अगं, थोडासाच हात लावला. तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"दवाखान्यातही असंच! ताट तसंच पडलेलं असायचं आणि म्हणायचे, छान जेवलीस. मला वाटलं, इथे तरी खरं असेल." तिने वल्हं सामानाच्या पिंपावर आपटलं. "जा, तूच ने. मला नाही यायचं."

एवढ्यात आंटीची होडी शेजारी आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"क्रेग, आता फक्त सरळ मारायचं."

"आंटी, पुढे पाण्याला ओढ आहे. उलटली तर?"

"तर भिजशील. लाइफ जॅकेट काय फोटोसाठी घातलंयस?" मग ती अनाहेराकडे वळली. "आणि तू गं, रुसून बसलीस तर खडक काय बाजूला सरकणार आहे का? घे वल्हं."

अनाहेराने वल्हं घेतलं. रागारागाने का होईना, घेतलं. पाणी आम्हाला खेचायला लागलं. मी वाकडीतिकडी गेले, पण तिच्या हाताने गेले. पहिल्या लाटा पार झाल्या. मग उजवीकडचा खडक आला, मी धाडकन आदळले आणि पालथी झाले.

"अनाहेरा! अनाहेरा!" क्रेग किंचाळत होता.

ती माझ्या पलीकडून वर आली, माझी कड धरून, तोंडात केस. "ओरडू नकोस, इथेच आहे! आणि मी उलटवली! ऐकलंस? मी!" ती रडत होती की हसत होती, ते मलाही कळलं नाही.

आंटीने आम्हाला काठाला ओढलं. शाबास म्हणाली नाही, अरेरेही म्हणाली नाही. "खडक उजवीकडे आणि तू डावीकडून वल्हवत बसलीस. मग जाणार कुठे?"

"खडकावर," अनाहेरा म्हणाली. पाणी उपसून झाल्यावर ती कुणाला न विचारता मागे जाऊन बसली.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असं कुणी आजारातून उठून आलं, तर त्याला जपा, जरूर जपा. पण त्याच्या हातातली होडी चोरून वळवू नका आणि वर खोटी शाबासकी तर मुळीच देऊ नका. पुढे बसा, सरळ वल्हवा आणि भिजायची तयारी ठेवा.